चहावाल्यांचा कॉम्प्युटर

परवा एका मुंजीत आत्या भेटली. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाली, "तू मध्यंतरी कॉलेजात शिकवायला जायचास ना रे? नक्की काय शिकवायचास?"

"एमआयएस."

"म्हणजे?"

"मॅनेजमेंट इन्फर्मेशन सिस्टिम्स."

"म्हणजे?"

तेवढ्यात जिलबी वाढणारे आले आणि मी सुटलो. पण प्रश्न काही सुटला नाही. खरं सांगायचं तर पहिलं वर्षभर माझ्या विद्यार्थ्यांनाही त्याचं उत्तर मिळालं नव्हतं.

२००७ सालची गोष्ट. नोकरी सांभाळून मी पुण्यातल्या एका मॅनेजमेंट कॉलेजात शनिवारी दुपारी हा विषय शिकवायला जायचो. पहिल्या वर्षी पुस्तक उघडलं आणि पुस्तकासारखंच शिकवलं. डेटा म्हणजे काय, इन्फर्मेशन म्हणजे काय, दोहोंतले फरक सहा मुद्द्यांत. मग तो सुप्रसिद्ध पिरॅमिड: तळाला कारकुनी व्यवहार, मध्ये मॅनेजर, टोकावर साहेब. साठ मुलं, जेवणानंतरची वेळ, वर पंखा. मुलं झोपायची. शेवटी अभिप्रायाच्या कागदावर एकाने लिहिलं, "सर चांगले आहेत, पण पुस्तक आम्हालाही वाचता येतं."

लागलं. कारण खरं होतं.

त्या सुट्टीत हा विषय मुळात आला कुठून ते शोधायला बसलो. मला वाटलं होतं, एखाद्या विद्यापीठात किंवा अमेरिकन लष्करात जन्मला असेल. सापडला तो लंडनमधल्या एका चहाच्या कंपनीत!

जे. लायन्स अँड कंपनी. १८९४ साली पिकॅडिलीत त्यांनी पहिलं चहाचं दुकान काढलं आणि पुढे लंडनभर दुकानंच दुकानं झाली. चहा, बन, केक. एकेका कपावर सुटणारा नफा अगदी थोडा, आणि त्याचा हिशोब ठेवायला कारकुनांची फौज. ही फौज सांभाळायची जबाबदारी जॉन सिमन्स यांच्याकडे होती. माणूस केंब्रिजचा गणिती. हिशोबापेक्षा हिशोबाचा खर्च जास्त होऊ नये, हा त्यांचा ध्यास.

१९४७ साली लायन्सची दोन माणसं, थॉम्पसन आणि स्टँडिंगफर्ड, युद्धानंतर ऑफिसच्या कामात काय नवीन आलंय ते बघायला अमेरिकेला गेली. प्रिन्स्टनमध्ये हर्मन गोल्डस्टाइन यांनी त्यांना सांगितलं की अहो, तुमच्याच केंब्रिजमध्ये मॉरिस विल्क्स असं एक यंत्र बांधतायत. म्हणजे काखेत कळसा! परत येऊन लायन्सने केंब्रिजला ३००० पौंड दिले, वर मदतीला आपला एक माणूसही दिला. मे १९४९ मध्ये विल्क्स यांचं एड्सॅक चाललं आणि लायन्सने ठरवलं, आता आपलं यंत्र आपणच बांधायचं.

त्याचं नाव लिओ, म्हणजे लायन्स इलेक्ट्रॉनिक ऑफिस. सुमारे ६००० व्हॉल्व्ह, आणि आठवण साठवायला पाऱ्याने भरलेल्या नळ्या. नोव्हेंबर १९५१ मध्ये त्याने बेकरीच्या मालाची किंमत काढून दाखवली. धंद्याचं रोजचं काम करणारा हा जगातला पहिला कॉम्प्युटर मानला जातो. मग पगारपत्रकं. ज्या पगाराच्या हिशोबाला अनुभवी कारकुनाला ८ मिनिटं लागत, तो लिओ दीड सेकंदात करायचा.

पण मंडळी, मला खरी गंमत वाटली ती १९५४ च्या कामाची. उद्या कुठल्या दुकानात किती केक, किती पाव पाठवायचे? आधी प्रत्येक दुकानाची मॅनेजरीण रोज सगळ्या पदार्थांची मागणी लिहून पाठवायची. नव्या पद्धतीत वाराप्रमाणे एक ठरलेली मागणी यंत्रात ठेवून दिली. बाईंनी रोज फोनवर फक्त बदल सांगायचा. सोमवारी पाऊस आहे, दोन डझन बन कमी. फोन ऐकता ऐकताच ऑफिसातली मुलगी कार्डाला भोकं पाडायची, आणि बेकरीने किती बनवायचं ते थेट गाडीत काय चढवायचं इथपर्यंतच्या याद्या लिओ काढून द्यायचा. ही आखणी करणाऱ्यांत पुढे होते डेव्हिड कॅमिनर. आज ज्याला सिस्टिम्स अ‍ॅनालिसिस म्हणतात ते त्यांनी विषयाला नाव मिळण्याआधीच केलं.

माणसं कुठून आणली? लायन्सने आपल्याच ऑफिसातल्या लोकांसाठी आठवडाभराचा कोर्स काढला. दिवसा व्याख्यानं, रात्री गृहपाठ. त्यातूनच मेरी कूम्ब्स प्रोग्रॅमर झाल्या. त्यांची पदवी होती फ्रेंच विषयात! फ्रँक लँड हेही १९५२ साली लायन्समध्ये आले. पंधरा वर्षं हेच काम केल्यावर १९६७ साली ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये ते शिकवायला गेले आणि पुढे ब्रिटनमधले या विषयाचे पहिले प्राध्यापक झाले. तिकडे अमेरिकेत १९६८ च्या सुमारास मिनेसोटा विद्यापीठात गॉर्डन डेव्हिस यांनी हा विषय उभा केला. म्हणजे आधी काम, मग वर्ग, मग पुस्तक. मी वर्षभर ते नेमकं उलटं करत होतो.

दुसऱ्या वर्षी पहिल्याच तासाला पुस्तक बंद ठेवलं. फळ्यावर लिहिलं: शंभर चहाची दुकानं, एक बेकरी, साल १९५४. उद्या कुठे किती माल पाठवायचा ते कसं कळवाल? चार-चार जणांनी बसून कागदावर आखा.

बहुतेकांनी मोठ्ठा फॉर्म आखला. तीस रकाने, रोज भरायचा, वर तीन सह्या. मी फेऱ्या मारत होतो. मागच्या बाकावर एक मुलगी होती, फारशी न बोलणारी. तिच्या घरची खानावळ. ती हळूच म्हणाली, "सर, पण रोज सगळं कशाला लिहायचं? आमच्याकडे आई फक्त खाडे लिहिते. जो येणार नाही त्याचंच नाव. बाकीचे येणार हे धरलेलंच असतं."

मी दोन मिनिटं गप्प उभा राहिलो. १९५४ साली लिओवर चाललेली युक्ती माझ्या वर्गात बसली होती, आणि आदल्या वर्षी अशी कितीतरी पोरं मी फरकाचे सहा मुद्दे सांगून झोपवली होती. तिला फळ्यापाशी बोलावलं. मग लायन्सची गोष्ट सांगितली. त्या दिवशी तास संपल्यावर पोरं उठेनात.

सगळं गोड झालं असं नाही. परीक्षेत फरकाचे सहा मुद्देच आले, आणि "सर गोष्टीत वेळ घालवतात" अशी तक्रारही गेली. एका मुलाने विचारलं, "सर, मग त्या कारकुनांचं काय झालं?" त्याचं नीट उत्तर माझ्याकडे नव्हतं. लायन्सला कारकुनीचा खर्च कमी करायचा होता हे तर उघडच होतं. तो प्रश्न मात्र मी पुढे दर वर्षी स्वतःच वर्गाला विचारू लागलो.

आणखी एक. १९६७ साली रसेल अकॉफ यांनी एका गाजलेल्या लेखात म्हटलं होतं की मॅनेजरांची अडचण माहिती कमी असण्याची नसून नको ती माहिती फार असण्याची आहे. त्या मुलीच्या आईला हे कुणी सांगायला लागलं नव्हतं.

लिओचा धंदा १९६३ मध्ये इंग्लिश इलेक्ट्रिकबरोबरच्या कंपनीत गेला, पुढे लायन्सही विकली गेली. असो.

तर आत्या, हे वाचत असशील तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर. तू स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दुधाचे खाडे लिहितेस ना? तेच शिकवायचो मी. फक्त ते कळायला मला एक वर्ष आणि साठ पोरांची झोप लागली.