दारूचं वय वाढवायचं? आधी खान्देशचा इतिहास ऐका

आजचा विषय: दारू पिण्याचं कायदेशीर वय वाढवावं का?

आधी सांगा, महाराष्ट्रात ते सध्या किती आहे? बरेच जण १८ म्हणतात. चूक! बिअर-वाइनला २१ आणि व्हिस्की-रमसारख्या कडक दारूला २५. म्हणजे आमदारकीचा फॉर्म भरायला जे वय लागतं, तेच!

या सगळ्याचं मूळ १९४९च्या मुंबई दारूबंदी कायद्यात आहे. तेव्हा आपलं धुळे-जळगावही मुंबई राज्यातच होतं. १९६० ला राज्य फुटलं आणि कायदा दोघांकडे गेला. गुजरातने बंदी चालू ठेवली, महाराष्ट्राने परवान्याचं दार उघडलं. आजही कायद्याने प्यायला परवाना लागतो. २०११ मध्ये व्यसनमुक्ती धोरणात सरकारने २५ वर जोर दिला, तेव्हा अभिनेता इम्रान खान त्याविरुद्ध कोर्टात गेला होता.

मी सॉफ्टवेअरवाला, म्हणून माझ्या भाषेत सांगतो: फॉर्मवर वयाचा रकाना आहे, पण तो कोणी तपासत नाही. आमच्या पिंपळनेरला काउंटरवर कोणी आधार कार्ड मागताना मी तरी पाहिलं नाही. मग २५ चे ३० केले तरी फरक काय पडणार?

अमेरिकेत पडला ना, असं तुम्ही म्हणाल. खरंय. १९८४ मध्ये तिथे कायदा झाला: जे राज्य वय २१ करणार नाही, त्याचा हायवेचा निधी कापू. राज्यांनी वय वाढवलं आणि तरुणांचे गाडीवरचे मृत्यू घटले. पण तिथे दुकानदार ओळखपत्र बघतो.

आता आपल्याकडचं बघा. १९३०च्या दशकाच्या शेवटी तळोद्याकडे मोरवडच्या गुलाम महाराजांनी भिल्लांना दारू सोडायला सांगितलं. हजारो लोक आरतीला जमायचे. वयाची अट नव्हती, पोलीस नव्हते. ज्या समाजात सणाला, लग्नाला मोहाची दारू लागायची, तिथे लोकांनी आपणहून ती सोडली, कारण सांगणारा माणूस त्यांच्यातला होता.

म्हणून माझं मत: वय वाढवू नका. आहे ते २१ आणि २५ आधी खरं करा. प्रत्येक दुकानात ओळखपत्र बघा, नाही बघितलं तर लायसन्सवर कारवाई करा. बाकीचं काम गावाचं. आपल्याकडे बायांनी मतदान करून बाटली आडवी केलीच आहे की!

तुमच्या गावात काउंटरवर कधी वय विचारलंय का? खरं खरं सांगा. भेटू पुढच्या भागात!