हेड उतरवलेली मोटार आणि हरवलेले सुटे भाग

बारामती, इंदापूर परिसरात एखाद्या गॅरेजच्या आवारात महिनोन्‌महिने बॉनेट उघडे टाकून उभी असलेली डिझेल मोटार हे काही दुर्मीळ दृश्य नव्हे. हेड उतरवलेले असते, खर्चाचा आकडा ऐकून मालक थबकलेला असतो, मधल्या काळात मिस्त्री बदललेला असतो. काम पुन्हा हाती घेतले जाते, तेव्हा गोणपाटात किंवा ऑइलच्या रिकाम्या डब्यात ठेवलेल्या भागांपैकी काही सापडत नाहीत. गावाकडची अशी गाडी पुन्हा रस्त्यावर आणू पाहणाऱ्या, किंवा ‘हेड खोललेली’ म्हणून स्वस्तात मिळणारी गाडी घेण्याच्या विचारात असलेल्या वाचकांना पुढील माहिती उपयोगी पडावी.

उदाहरणादाखल आपल्याकडे सर्वाधिक परिचित असलेले इंजिन घेऊ. फियाटने २००३ मध्ये युरोपात आणलेले १२४८ घनसेंटिमीटरचे मल्टिजेट टर्बो डिझेल इंजिन २००७ मध्ये मारुती स्विफ्टमधून भारतात घरोघरी पोहोचले. पुढे डिझायर, रिट्झ, टाटा इंडिका व्हिस्टा, मांझा, फियाट पुंटो आणि लिनिया या गाड्यांतही तेच बसले. पुणे जिल्ह्यातच, शिरूर तालुक्यातील रांजणगावच्या कारखान्यातही ते तयार होत असे. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे निकष लागू झाले आणि त्या सुमारास त्याचे भारतातील उत्पादन थांबले. गाड्या मात्र आजही हजारोंनी धावत आहेत.

बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत पियाजिओची तीनचाकी वाहने तयार होतात. त्यामुळे एका सिलिंडरच्या डिझेल इंजिनावर हात बसलेले कारागीर या भागात पुष्कळ. परंतु मल्टिजेटच्या हेडमध्ये १६ व्हॉल्व्ह, १६ स्प्रिंगा, १६ रॉकर, तितकेच हायड्रॉलिक टॅपेट आणि नखाएवढे ३२ व्हॉल्व्ह लॉक असतात. कॅमशाफ्ट हेडवर बसणाऱ्या वेगळ्या घरात असतात. ते घर उचलताच रॉकर मोकळे होतात. डब्यात एकत्र टाकलेल्या या पसाऱ्यातून एखादा तुकडा गहाळ झाला तर तो नुसत्या नजरेला कळत नाही. मोजणी हाच एक मार्ग.

म्हणून पहिले काम खरेदीचे नव्हे, यादीचे. स्वच्छ कापडावर सर्व भाग सिलिंडरवार मांडावेत आणि कंपनीच्या सुट्या भागांच्या चित्रपुस्तिकेशी ताडून पाहावेत. इनटेक आणि एक्झॉस्टचे व्हॉल्व्ह वेगळे असतात. जुना व्हॉल्व्ह त्याच्याच सीटवर घासून बसलेला असतो, त्यामुळे अदलाबदल झाली असल्यास सीट कटिंग व लॅपिंग पुन्हा करणे भाग पडते.

यादीत जे कमी भरेल, ते हरवलेच असे मात्र गृहीत धरू नये. या साऱ्या विषयातील सर्वांत महागडी चूक येथेच घडते. दुकानातून नवा लॉक आणून बसवला जातो आणि जुना लॉक सिलिंडरमध्ये, ऑइल परतीच्या छिद्रात, चेनच्या पोकळीत किंवा एक्झॉस्टच्या वाटेत पडलेला राहतो. सिलिंडरमध्ये असेल तर पहिल्याच फेऱ्यात पिस्टन आणि हेड दोन्ही जखमी होतात. एक्झॉस्टमध्ये असेल तर तो थेट टर्बोच्या चक्रावर जातो. लहान टर्बोचे हे चक्र मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेते. त्या वेगात भाताच्या दाण्याएवढा लोखंडाचा कणही त्याची पाती तोडतो. तेव्हा बेपत्ता तुकड्याचा शोध चुंबकाच्या कांडीने सर्व वाटांतून घ्यावा, ऑइल चेंबर उतरवून पाहावे, टर्बोची दोन्ही तोंडे उघडून पाती बोटाने फिरवून पाहावीत. मिस्त्रीला हा वेळेचा अपव्यय वाटतो. मालकाने आग्रह सोडू नये.

आता खरेदी. हेड गॅस्केट, व्हॉल्व्ह स्टेम सील, इंजेक्टरखालचे तांब्याचे वॉशर आणि ताणून बसवण्याच्या प्रकारचे हेड बोल्ट हे सापडले असले तरी नवेच घ्यावेत. जुना वॉशर पुन्हा वापरला की इंजेक्टरच्या बुडाशी वायू गळतो, डांबरासारखा काजळीचा थर जमतो आणि पुढच्या वेळी इंजेक्टर निघता निघत नाही. अनेक डिझेल इंजिनांत गॅस्केट वेगवेगळ्या जाडीत येते. पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतो हे मोजून, गॅस्केटच्या कडेवरील खाचा किंवा छिद्रे पाहून ते निवडायचे असते. लॉक, स्प्रिंग, रॉकर, टॅपेट, हीटर प्लग हे सुटे मिळतात. मात्र ज्या इंजिनांत कॅमशाफ्टच्या बेअरिंगच्या टोप्या हेडबरोबरच एका रेषेत कातलेल्या असतात, तेथे हरवलेली टोपी दुसऱ्या हेडवरून आणून चालत नाही. कॅमशाफ्ट जखडतो किंवा ऑइलचा दाब पडतो. अशा वेळी संपूर्ण हेडच बदलणे योग्य.

भाग मागताना गाडीचे नाव पुरत नाही. स्विफ्ट, डिझायरमधील इंजिन ७५ अश्वशक्तीचे, तर एसएक्स-४ आणि अर्टिगामधील ९० अश्वशक्तीचे. दोहोंचे टर्बो निराळे. चासी क्रमांकावरून भागाचा क्रमांक काढून घ्यावा. पुण्यात नाना पेठेत सुट्या भागांची दुकाने एकमेकांना लागून आहेत. तेथे एकाच कारखान्याची वस्तू वेगवेगळ्या कंपन्यांच्या वेष्टनांत मिळू शकते. नमुना हातात असेल तर तो बरोबर न्यावा.

वापरलेले हेड घेणे स्वस्त पडते, पण ते पाण्याच्या दाबाखाली तपासून आणि पट्टी व फिलर गेजने त्याची सपाटी पाहूनच घ्यावे. ‘फेसिंग करून देतो’ या आश्वासनावर विसंबू नये. डिझेल इंजिनात व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांतील अंतर अत्यल्प असते आणि हेड घासण्याला काही कंपन्यांची मुळीच अनुमती नसते. इंजिन क्रमांक ब्लॉकवर कोरलेला असल्याने केवळ हेड बदलल्यास नोंदणीत फेरफार करावा लागत नाही. संपूर्ण इंजिन बदलल्यास मात्र परिवहन कार्यालयात, म्हणजे एमएच ४२ क्रमांकाच्या गाड्यांसाठी बारामतीच्या कार्यालयात, तशी नोंद करून घ्यावी लागते. २००७-०८ च्या गाड्यांची १५ वर्षे उलटून गेली आहेत, हेही खर्चाच्या हिशेबात धरावे. १ एप्रिल २०२२ पासून मोटारीच्या फेरनोंदणीचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले.

हेड उतरवण्याची वेळ का आली, हा प्रश्न राहतोच. या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचे. नीरा डाव्या कालव्याच्या लाभक्षेत्रात क्षारपड जमिनींचा प्रश्न जुना आहे. तेथील विहिरीचे क्षारयुक्त पाणी कूलंटऐवजी रेडिएटरमध्ये भरले, तर हेडमधील पाण्याच्या वाटा आतून खाल्ल्या जातात, इंजिन तापते आणि हेड वाकते. सगळे भाग नवे घालूनही पाणी तेच राहिले, तर गाडी पुन्हा त्याच गॅरेजात येईल.

जोडणी करताना टॅपेट ऑइलमध्ये बुडवून घ्यावेत, कॅमशाफ्ट लॉकिंग पिनांनी जखडूनच चेन बसवावी आणि हेड बोल्ट पुस्तिकेतील क्रमाने, टॉर्क पान्याने टप्प्याटप्प्याने आवळावेत. सुरू करण्यापूर्वी इंजिन हाताने किमान दोन पूर्ण फेरे फिरवावे. कोठे अडले तर जोर न लावता उघडून पाहावे. त्यानंतर इंजेक्टरची वीजजोडणी काढून, ऑइलचा दिवा विझेपर्यंत स्टार्टर थोडा थोडा वेळ फिरवावा, म्हणजे टर्बोच्या बेअरिंगपर्यंत ऑइल पोहोचते. जोडणी परत लावून इंजिन सुरू केल्यावर पहिली काही मिनिटे ॲक्सिलरेटरला पाय लावू नये.