तळटीप : ‘चाके पाण्यावर तरंगली’
१. हा अलंकार नव्हे. धावपट्टीवर पाणी साचले असता वेगवान चाकापुढे पाण्याची पाचर तयार होऊन ती रबरास जमिनीपासून उचलून धरते. टायरमधील दाब दर चौरस इंचास पौंडांत घेऊन त्याच्या वर्गमुळाची नऊपट केली, म्हणजे हा प्रकार संभवणारा वेग अदमासे नॉटमध्ये मिळतो. २५ पौंड दाबास तो अवघा ४५ नॉट! म्हणून वैमानिकाने फाजील वेग न ठेवता, अलगद उतरण्याचा मोह (माझ्या मते येथे तो घातकच) कटाक्षाने टाळून, चाके ठामपणे टेकवावीत, सुकाणूने दिशा राखावी आणि विमानाचा भार चाकांवर पुरता येईपर्यंत टाचा खालीच ठेवून ब्रेकवर पाय देऊ नये. १९३२ साली सुरू झालेल्या टाटांच्या टपालविमानांस तर जुहूचे मैदान पावसाळ्यात निरुपयोगी होत असल्याने पुण्याचा आश्रय घ्यावा लागे. — संपादक