दाविदाची ४,०५० गीते

मृत समुद्राकाठी कुमरान येथील अकराव्या गुहेत १९५६ साली चर्मपत्राची एक गुंडाळी सापडली. जेम्स सँडर्स यांनी ती १९६५ साली संपादून प्रसिद्ध केली. तीत बायबलच्या स्तोत्रसंहितेतील स्तोत्रे होती. पण त्यांचा क्रम निराळा, आणि रूढ दीडशे स्तोत्रांत नसलेल्या काही रचनाही त्यांत गुंफलेल्या. शेवटाकडच्या एका गद्य उताऱ्यानुसार दावीद राजाने एकंदर ४,०५० गीते रचली.

ही पवित्र ग्रंथाचीच प्रत मानावी, की उपासनेसाठी केलेले दुय्यम संकलन? या वादात एव्हा म्रोचेक यांनी 'द लिटररी इमॅजिनेशन इन ज्यूइश अँटिक्विटी' (२०१६) या ग्रंथात मूळ प्रश्नच तपासून पाहिला. बांधीव ग्रंथ आधी आणि त्याची संकलने नंतर, हे आपण छापील पुस्तकाच्या सवयीने गृहीत धरतो. त्या काळच्या लेखकांना मात्र स्तोत्रांचा ठेवा कोणत्याही एका गुंडाळीत न मावणारा वाटत होता. रचनांना दाविदाचे नाव जोडले जाई ते केवळ कर्तृत्वाची नोंद म्हणून नव्हे. त्या नावाभोवती एका प्रिय व्यक्तिरेखेचे चरित्रही वाढत होते.

हिंडी नाजमन यांनी 'सेकंडिंग सायनाय' (२००३) मध्ये मोशेच्या नावाने झालेल्या उत्तरकालीन लेखनाविषयी अशीच भूमिका मांडली होती. ते लेखन म्हणजे बनावट नव्हे. मूळ पुरुषाची वाणी नव्या काळात पुन्हा उच्चारणे होय. जुन्या करारातील पाचव्या पुस्तकाला मराठीत 'अनुवाद' म्हणतात. 'मागाहून पुन्हा बोलणे' हा त्या शब्दाचा जुना अर्थ येथे किती चपखल बसतो!

यामुळे कालनिर्णयाची गरज संपत नाही. कोणती ओळ कोणत्या शतकातली, हे शोधावेच लागेल. बदलते ते शोधानंतरचे आपले वाक्य. 'नामा म्हणे' अशी मुद्रा असलेला एखादा अभंग उत्तरकालीन ठरला, की आपण वर्गात 'प्रक्षिप्त' एवढे सांगून पुढे जातो. वास्तविक तेथेच साहित्याच्या इतिहासाचा प्रश्न सुरू होतो: स्वतःचे नाव मागे ठेवून त्या कवीला नामदेवाच्या नावाने का बोलावेसे वाटले? तो आपण विचारत नाही, तोवर परंपरेचा निम्मा इतिहास आपण केवळ वगळत आलो, असेच म्हणावे लागेल.