परागंदा रयत आणि सरकारी धारा

इ. स. १८३० च्या सुमारास पुणे जिल्ह्यांत प्रिंगलसाहेबाचा धारा लागूं झाला. जमिनीच्या निव्वळ उत्पन्नांतून शेंकडा ५५ सरकारचे, असा त्याचा हिशेब होता. धान्याचे भाव उतरल्यावर तो रयतेस झेपेना. इंदापूर तालुक्यांतील कित्येक कुळें जमिनी टाकून निजामाच्या मुलखांत गेलीं. अखेर १८३६ सालीं गोल्डस्मिड व विंगेट यांनीं तेथील धारा उतरवून ३० वर्षांकरितां कायम केला. आमच्या मतें ही सूट सरकारच्या दयेपेक्षां ओस पडलेल्या शेतांनींच मिळविली. म्हणून जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकास, मावळांतील वडिवळ्यासारख्या गांवीं दप्तरें चाळणाऱ्या संग्राहकांनीं सनदा-वतनपत्रांबरोबर पडीक जमिनींच्या व परागंदा कुळांच्या यादीही जपाव्या. ज्यांचें म्हणणें कोणीं लिहून ठेविलें नाहीं, त्यांची साक्ष अशा यादींतच सांपडेल.