'दुधाचा पाय' आणि सोनोग्राफी

बाळंतपणानंतर एखादीचा एकच पाय सुजतो, पोटरी ठणकते, कातडी गरम लागते. घरात म्हणतात, वात धरला, शेक द्या, चोळा. अशा समजुती दूरदेशीही होत्या. त्या कशा बदलल्या, ते आज पाहू.

अठराव्या शतकात युरोपात या दुखण्याला 'दुधाचा पाय' म्हणत. आईचं दूध पायात उतरतं, असं लोकांना वाटे. 1784 साली इंग्लंडमधल्या मँचेस्टरच्या डॉ. चार्ल्स व्हाइट यांनी यावर पुस्तक लिहून दुधाला दोषमुक्त केलं. पण खरं कारण त्यांनाही सापडलं नाही. 1823 मध्ये लंडनच्या डॉ. डेव्हिड डेव्हिस यांनी या दुखण्यात दगावलेल्या बायांची शवविच्छेदनं मांडली. त्यांच्या शिरा रक्त गोठून बंद झाल्या होत्या. पुढे 1840च्या दशकात बर्लिनच्या रुडॉल्फ विरशो यांनी दाखवलं, की पायातली गुठळी सुटून फुप्फुसात जाऊन अडकते. चांगली हिंडती-फिरती बाळंतीण अचानक दम लागून का जाते, ते तेव्हा कळलं.

पण बाई जिवंत असताना गुठळी ओळखायची कशी? पाऊल वर वाकवून पोटरी दुखते का, हे डॉक्टर बघत. ही खूण फसवी निघाली. 1938 साली पोर्तुगालमध्ये शिरेत औषध टोचून एक्स-रे काढायची पद्धत आली. ती खात्रीची होती, पण त्रासाची, आणि मोठ्या दवाखान्यातच होणारी.

सोनोग्राफी आपल्याला पोटातल्या बाळामुळे माहीत आहे. स्कॉटलंडच्या ग्लासगोमध्ये डॉ. इयान डोनाल्ड यांनी 1958 मध्ये पोटातल्या बाळाची अशी पहिली चित्रं छापली. 1982 मध्ये अमेरिकेत स्टीव्ह टॅलबॉट यांनी तीच तपासणी पायाच्या शिरांवर केली. युक्ती साधी आहे. शीर पाण्याच्या मऊ नळीसारखी असते. वरून दाबली की चपटी होते. आत गुठळी असेल तर दबत नाही. 1989 मध्ये नेदरलँड्सच्या डॉक्टरांनी 220 रुग्णांमध्ये ही तपासणी एक्स-रेशी ताडून पाहिली. मांडीतल्या आणि गुडघ्यामागच्या गुठळ्या तिने नीट पकडल्या. पोटरीतल्या लहान गुठळ्या मात्र बऱ्याचदा सुटल्या. म्हणून पहिली तपासणी ठीक आली तरी संशय असेल तर डॉक्टर आठवड्याने पुन्हा बोलावतात. ते जाणं टाळू नये.

आता यंत्रं लहान झाली आहेत. शिकलेला डॉक्टर खाटेपाशीच जांघेत आणि गुडघ्यामागे शीर दाबून काही मिनिटांत पाहतो. टोचणं नाही, एक्स-रेचे किरण नाहीत. आपल्या देशात मात्र याच यंत्राने पोटातल्या मुली शोधून मारल्या गेल्या. म्हणून 1994 च्या कायद्याने यंत्रांची नोंदणी सक्तीची झाली आणि ती कुठेही नेता येत नाहीत. त्यामुळे बहुतेक वेळा आपल्यालाच यंत्रापर्यंत जावं लागतं.

म्हणून गटातल्या प्रत्येकीने एवढं लक्षात ठेवावं. बाळंतपण, ऑपरेशन किंवा बरेच दिवस अंथरुणाला खिळणं, यानंतर एकच पाय सुजला, दुखला तर चोळायचा नाही. त्याच दिवशी दवाखाना गाठायचा आणि 'शिरेत गुठळी आहे का?' असं स्पष्ट विचारायचं. वेळेत कळलं तर रक्त गोठू न देणारी औषधं आहेत. दम लागला, छातीत दुखलं, खोकल्यातून रक्त पडलं, तर वाट न बघता 108 ला फोन करायचा. शेजारच्या घरी बाळंतीण असेल, तर आजच तिच्या सासूबाईंच्या कानावर हे घालू या.