ऑक्टोबरमधली दोन दिवसांची समुद्र ट्रिप आणि तिच्यामागची दोन हजार वर्षं

हेडफोन लावलेत ना? मग सुरू करूया.

ऑक्टोबर उजाडला की प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज येतोच, "चला रे, दोन दिवस समुद्रावर जाऊन येऊ." मग पोल टाकला जातो. शनिवार-रविवार की दसऱ्याला जोडून? अलिबाग की मुरूड? बोटीने की गाडीने? चाळीस मेसेज होतात, तिघं जण "ऑफिसचं बघून सांगतो" म्हणतात आणि शेवटी कुणीतरी एक वैतागून बुकिंग करून टाकतो.

आपल्याला वाटतं की तारीख आपण ठरवली. पण ऑक्टोबरच का, दोनच दिवस का आणि बोट त्याच महिन्यात का सुरू झालेली असते, या प्रश्नांची उत्तरं फार जुनी आहेत. आजच्या भागात तीच बघायची आहेत. आणि यातली काही उत्तरं माणसांचे जीव गेल्यावर मिळालेली आहेत, त्यामुळे शेवटपर्यंत ऐका.

आधी वारा.

अरबी समुद्रावर जून ते सप्टेंबर नैर्ऋत्येकडून जोराचा वारा येतो. तोच आपला मान्सून. ऑक्टोबरमध्ये तो माघारी फिरतो. हवामान खात्याच्या हिशेबाने मुंबईतून मान्सून परतायची सरासरी तारीख आहे ८ ऑक्टोबर. त्यानंतर वाऱ्याची दिशा हळूहळू उलटते आणि हिवाळ्यात तो ईशान्येकडून, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे वाहायला लागतो.

हे गणित व्यापाऱ्यांना दोन हजार वर्षांपूर्वी माहीत होतं. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेलं एक पुस्तक आहे, 'पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी'. लिहिणाऱ्याचं नाव कुणाला ठाऊक नाही, पण माणूस पक्का दर्यावर्दी असावा. कुठल्या बंदरात काय विकलं जातं, कुठे खडक आहेत, कुठल्या महिन्यात निघायचं, हे सगळं त्यात आहे. त्याचा हिशेब असा की इजिप्तमधून जुलैच्या सुमारास निघायचं आणि मान्सून पाठीशी घेऊन भारत गाठायचा. जहाजं इथे पोचायची तेव्हा पावसाचा जोर ओसरत आलेला असायचा. मग माल विकायचा, मिरी आणि कापड भरायचं आणि डिसेंबर-जानेवारीत उलट्या वाऱ्यावर घरी परतायचं.

या पुस्तकात कल्याण आणि सोपाऱ्याची नावं आहेत, आणि 'सेमिल्ला' नावाचं एक बंदर आहे. बहुतेक अभ्यासकांच्या मते ते म्हणजे आपलं चौल. हो, तेच चौल, अलिबागहून रेवदंड्याला जाताना लागतं ते. म्हणजे पावसाळा संपल्यावर चौलच्या किनाऱ्यावर बाहेरची पाहुणेमंडळी येणं ही दोन हजार वर्षांची रीत आहे. तेव्हा ती मिरी न्यायला यायची, आता सुरमई खायला येतात.

आता बंद समुद्राबद्दल.

समुद्राला 'ऑफ सीझन' असतो हे आपल्या लोकांनी सणातच लिहून ठेवलं आहे. श्रावणातल्या नारळी पौर्णिमेला कोळी बांधव दर्याला नारळ वाहतात आणि होड्या पुन्हा पाण्यात लोटतात. त्याआधी त्या किनाऱ्यावर ओढून, झावळ्यांनी शाकारून ठेवलेल्या असतात. आज आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी मासेमारीबंदी सरकारी नियमाने असते. त्यात माशांच्या विणीचा विचार आहे, तसा खवळलेल्या समुद्राचाही आहे. बंदी उठल्यावरही नारळी पौर्णिमेपर्यंत थांबणारे अनेक जण आहेत.

राज्यकर्त्यांनाही हे वेळापत्रक मोडता आलं नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे. पावसाळ्यात आरमार छावणीला कुठे ठेवावं, कसं सांभाळावं, याच्या सूचना त्यात आहेत. विचार करा, सिद्दी आणि फिरंगी समोर असताना सुद्धा चार महिने जहाजं आत घ्यावीच लागत. आणि मालवणच्या सिंधुदुर्गाचं बांधकाम सुरू झालं ते २५ नोव्हेंबर १६६४ रोजी, म्हणजे समुद्र शांत झाल्यावर. भर समुद्रातल्या बेटावर दगड न्यायचे तर पुढचे सहा महिने हातात हवेत, एवढं साधं प्लॅनिंग आहे हे.

तर महिना वाऱ्याने ठरवला. मग 'दोन दिवस' कुणी ठरवले?

निदान रविवार तरी आपल्याला नारायण मेघाजी लोखंडे यांच्यामुळे मिळाला. एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईच्या गिरण्यांमध्ये आठवड्याची ठरलेली सुट्टी नव्हती. सणावाराला गिरणी बंद राहिली तर राहिली. लोखंडे सत्यशोधक चळवळीतले, महात्मा फुल्यांचे सहकारी आणि 'दीनबंधु'चे संपादक. १८८४ मध्ये त्यांनी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या वतीने मागण्या मांडल्या. रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती आणि पगार वेळेवर. मागण्या वाचल्यावर कळतं की तेव्हा यातलं काहीही मिळत नव्हतं. १८९० च्या एप्रिलमध्ये महालक्ष्मीला सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन स्त्री कामगारही बोलल्या. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली.

आपण आयटीवाले 'लाँग वीकेंड'ची तारीख कॅलेंडरवर जानेवारीतच मार्क करून ठेवतो. तो चौकोन लाल होण्यासाठी कुणालातरी सहा वर्षं झगडावं लागलं, एवढं लक्षात ठेवूया.

आणि हे गिरणी कामगार कुठले? त्यातले खूप जण रत्नागिरी जिल्ह्यातले, म्हणजे कोकणातले. त्यांच्यासाठी समुद्र हा घरी जायचा रस्ता होता. कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली १९९८ मध्ये. त्याआधी कित्येक पिढ्या मुंबईहून आगबोटीने कोकणात गेल्या. भाऊच्या धक्क्यावर गर्दी, डोक्यावर ट्रंक, आणि बंदर आलं की मोठ्या बोटीतून लहान पडावात उतरायची कसरत. पावसाळ्यात लांबच्या बोटी बंद. चाकरमान्यांचं सगळं येणंजाणं या उघड्या-मिटत्या समुद्राला बांधलेलं होतं.

आणि वेळापत्रक मोडलं की काय होतं, याची तारीख आहे १७ जुलै १९४७.

स्वातंत्र्य महिन्याभरावर आलं होतं. त्या दिवशी आषाढातली अमावास्या होती, जिला आपण गंमतीने गटारी म्हणतो. सणाला घरी जाणाऱ्या माणसांनी भरलेली 'रामदास' बोट सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली. आज अलिबागला जाताना आपण जे पाणी ओलांडतो, तेच हे पाणी. भर पावसाळा, खवळलेला समुद्र. काशाच्या खडकाजवळ बोट एका बाजूला कलंडली आणि बुडाली. सहाशेहून जास्त माणसं गेली. अंतर किती, तर मुंबईचा किनारा जेमतेम दहा-बारा मैलांवर. रायगड जिल्ह्यातल्या कितीतरी गावांत ही आठवण अजून निघते.

म्हणून आजही गेटवेहून मांडव्याच्या लाँच पावसाळ्यात बंद ठेवतात आणि सप्टेंबरपासून पुन्हा सोडतात. मार्च २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला मोठी रो-रो बोट जाते, गाडी सकट. ती मोठी असल्यामुळे पावसाळ्यातही चालते, पण हवा फार बिघडली तर तिच्याही फेऱ्या रद्द होतात. असं झालं की ॲपवर लोक चिडून एक स्टार देतात. त्यांना कुणीतरी 'रामदास'बद्दल सांगायला हवं.

आता इथे एक पेच आहे. पावसाळा संपला म्हणजे समुद्र सुरक्षित झाला का? इतिहास म्हणतो, पूर्ण नाही.

अरबी समुद्रात वादळं मुख्यतः दोनदा येतात. एकदा मान्सूनच्या तोंडावर मे-जूनमध्ये आणि दुसऱ्यांदा तो गेल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. म्हणजे नेमकी आपल्या ट्रिपच्या दिवसांत. ८ नोव्हेंबर १८८८ रोजी कच्छच्या मांडवीहून मुंबईला निघालेली 'वैतरणा' बोट सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ वादळात नाहीशी झाली. विजेचे दिवे असलेली बोट, लोक तिला 'वीजळी' म्हणत. सातशेहून जास्त माणसं होती, एकही परतलं नाही आणि बोटीचे अवशेषही सापडले नाहीत. नोव्हेंबर १९२७ मध्ये आपल्या किनाऱ्यावर 'जयंती' आणि 'तुकाराम' या दोन बोटी एकाच दिवशी बुडाल्या. ११ नोव्हेंबर २००९ ला फयान वादळ अलिबाग आणि मुंबईच्या दरम्यान किनाऱ्यावर आलं. आणि २०१९ ची दिवाळी आठवत असेल तर क्यार वादळही आठवेल. ते किनाऱ्यापासून लांबून गेलं, तरी कोकणात ऐन दिवाळीत पाऊस आणि उंच लाटा होत्या.

फरक एवढाच की 'वीजळी'च्या कप्तानाला पुढे काय येतंय हे सांगणारं कुणी नव्हतं. आपल्याला चार-पाच दिवस आधी हवामान खात्याचा इशारा फोनवर येतो. तो वाचून सुद्धा "काही होत नाही रे" म्हणायचं, हे मला पटत नाही. दर वर्षी किनाऱ्यावर पर्यटक बुडाल्याच्या बातम्या येतात आणि त्यात आपल्या वयाची पोरं खूप असतात.

शेवटचं घड्याळ भरती-ओहोटीचं. यासाठी किनाऱ्यावरच्या लोकांकडे एक जबरदस्त फॉर्म्युला आहे. कोड एका ओळीत बसेल.

तिथीला तीनने गुणा, चारने भागा. जे उत्तर येईल ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चार त्रिक बारा, भागिले चार, तीन. म्हणजे पहाटे तीनला आणि दुपारी तीनला भरती. त्यात सहा मिळवा, नऊला ओहोटी. अष्टमीला भरती सहाला, ओहोटी बाराला. पौर्णिमा किंवा अमावास्या झाली की पुन्हा एकपासून मोजायचं.

हे चालतं का? भरती रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येते. फॉर्म्युला पंचेचाळीस धरतो. पक्षाच्या शेवटाकडे पाऊण तासाची चूक पडू शकते, पण दिनदर्शिका बघून तोंडी हिशेब करणाऱ्यासाठी ही चूक क्षुल्लक आहे. अचूक वेळ हवी तर भरतीचं कोष्टक बघा. अंदाज हवा तर हा फॉर्म्युला पुरे.

आता हे ट्रिपला लावून बघू. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येतं. म्हणून चतुर्थी-पंचमीच्या आसपासचा शनिवार धरा, सकाळी नऊ-दहाला पाणी उतरलेलं मिळेल. आत फार रेंगाळू नका, पाणी चढायला लागायच्या आत परत फिरा. दुपारी चौल आणि रेवदंडा. रेवदंड्याच्या कोटात पोर्तुगीज १७४० पर्यंत होते, आणि खाडीपलीकडच्या कोर्लई गावात त्यांच्या भाषेतून तयार झालेली बोली आजही घराघरांत बोलली जाते. दुसऱ्या दिवशी मुरूड-जंजिरा. तिथल्या शिडाच्या होड्याही पावसाळ्यात बंद असतात, त्यामुळे सुरू झाल्यात ना हे आधी फोन करून विचारा.

आणि कोजागरीला समुद्रावर दूध प्यायचा प्लॅन असेल तर तोच फॉर्म्युला लावा. पौर्णिमा, म्हणजे पंधरा. उत्तर सव्वाअकरा, प्रत्यक्षात बाराच्या सुमारास. बरोबर मध्यरात्री पूर्ण भरती, आणि तीही पौर्णिमेची, उधाणाची. चटई वर, सुरूच्या बनाजवळ टाका. पाण्यात उतरायचं नाही.

ग्रुपवर तारीख टाकताना एवढंच करा. आधी पंचांग, मग हवामानाचा इशारा, मग बोटीचं वेळापत्रक आणि सगळ्यात शेवटी मॅनेजरला मेल. आणि किनाऱ्यावरचा एखादा कोळी मामा "आज नको" म्हणाला, तर हुज्जत घालू नका. त्यांच्या आधीच्या कित्येक पिढ्या हे पाणी बघत आल्या आहेत. हॉटेलचे पैसे बुडाले तर बुडू देत.

भाग आवडला असेल तर तुमच्या त्या चाळीस मेसेजवाल्या ग्रुपवर पाठवा. तुमच्या घरी आगबोटीने कोकणात गेलेलं कुणी असेल, आजी, आजोबा, मोठे काका, तर त्यांना या दिवाळीत विचारा आणि फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. त्या बोटी गेल्या, त्यात बसलेली माणसंही आता थोडीच उरली आहेत.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.